हरलेल्या सामन्याची मजुरी

समान कामाला समान दाम ही आपल्या चळवळीची जुनी मागणी. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, तरी खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमीच राहिला. म्हणून ही मागणी जगात कुठे खरोखर मान्य झाली असेल, तर ते उदाहरण आपण हौसेने सांगतो. टेनिस हे त्यातलं एक. १९७० साली बिली जीन किंग आणि तिच्या आठ सहकारी खेळाडूंनी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात नाममात्र एक डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि पुरुषांच्या मर्जीवर चालणाऱ्या स्पर्धांबाहेर स्वतःची वाट काढली. १९७३ साली महिला खेळाडूंची संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपन स्पर्धेने स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विंबल्डनला हे पटायला २००७ साल उजाडावं लागलं. २०२५च्या अमेरिकन ओपनमध्ये विजेत्या स्त्रीला आणि विजेत्या पुरुषाला प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले.

हा विजय खोटा नाही. तो भांडून मिळवलेला आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटायला हवा. पण समता ज्या पायरीवर आली, तिच्या खालच्या पायऱ्यांवर किती जणी उभ्या आहेत आणि त्यांना काय मिळतं, हे आपण फारसं विचारलेलं नाही. वर्तमानपत्रात पहिल्या दहा जणींची छायाचित्रं येतात. तीनशेव्या क्रमांकाची बाई कशी जगते, याबद्दल कुणी लिहीत नाही. हा लेख तिच्याबद्दल आहे.

आधी थोडा हिशेब मांडते. मोठ्या स्पर्धांच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, छोट्या स्पर्धा असतात. त्यातल्या सगळ्यात खालच्या स्पर्धेची एकूण बक्षिसं १५ हजार डॉलरची. एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ जणी उतरतात. लागोपाठ पाच सामने जिंकून जी विजेती होते, तिच्या हाती साधारण २,३०० डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास पडतात. तेही कर कापण्याआधी. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या १६ जणींना प्रत्येकी साधारण दीडशे डॉलर मिळतात. बारा-तेरा हजार रुपये! एवढ्यात परदेशचं विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, जेवण, रॅकेटचं गटिंग, दुखऱ्या खांद्यावरचे उपचार हे सगळं बसवायचं. प्रशिक्षकाला बरोबर नेण्याचा तर विचारच नको. याउलट २०२५च्या अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीत पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूलाही २७,५०० डॉलर मिळाले. म्हणजे खालची स्पर्धा दहा वेळा जिंकणारीपेक्षा वरच्या दारात एकदा हरणारी जास्त कमावते. त्या दारापर्यंत पोचायला मात्र साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेत असावं लागतं.

आयटीएफने २०१३ सालच्या खेळाडूंची पाहणी केली होती. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या ४,८६२ स्त्रियांपैकी २,२१२ जणींना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. प्रशिक्षकाचं मानधन सोडून एका खेळाडू स्त्रीचा वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर होता. जमा आणि खर्च कुठे बरोबरीत येतात, तेही या पाहणीने शोधलं. पुरुषांमध्ये ती रेघ ३३६व्या क्रमांकावर होती आणि स्त्रियांमध्ये २५३व्या. म्हणजे ३००व्या क्रमांकाचा पुरुष कसाबसा तरी आपल्या खेळावर जगत होता, तर ३००व्या क्रमांकाची स्त्री पदरचे पैसे घालून खेळत होती. चारही मोठ्या स्पर्धांत समान बक्षिसं सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती! वरची बरोबरी खाली झिरपली नव्हती, कारण वर्षभरातल्या सगळ्या स्पर्धा मिळून पुरुषांसाठी बक्षिसाची रक्कम सुमारे १६ कोटी २० लाख डॉलर होती आणि स्त्रियांसाठी सुमारे १२ कोटी. डब्ल्यूटीएने स्वतःच्या मोठ्या स्पर्धांमध्ये बरोबरी आणण्याचं वेळापत्रक २०२३ साली जाहीर केलं. तेही २०२७ आणि २०३३ सालांपर्यंतचं, आणि तेही वरच्याच पायऱ्यांचं.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. हजार विड्यांवर मजुरी ठरते आणि तपासताना बाजूला काढलेली छाट विडी मजुरीत धरली जात नाही. तिच्यावर गेलेला वेळ, पान, तंबाखू, बोटांची झीज सगळं बाईच्या अंगावर. टेनिसमध्ये हरलेला सामना हा असाच छाटीत जातो. फरक एवढाच की विडी कामगारांनी संघटना बांधल्या, भविष्यनिर्वाह निधी मागितला, ओळखपत्रं मिळवली. टेनिस खेळणारी बाई कागदोपत्री 'स्वतंत्र व्यावसायिक' आहे. आजारपणाची रजा नाही, पेन्शन नाही, किमान मजुरी नाही. तिचे गुण बरोबर बावन्न आठवडे टिकतात. मग पुन्हा कमवायचे. आठ महिने घरी बसली तर क्रमांक घसरत जातो. दुखापतीसाठी आणि बाळंतपणासाठी क्रमांक राखून ठेवण्याचे नियम आहेत, पण राखलेल्या क्रमांकाने घरभाडं भरता येत नाही.

आता एक खरीखुरी कारकीर्द पाहू. अंकिता रैना मूळची अहमदाबादची, जन्म १९९३चा. टेनिससाठी ती किशोरवयातच आईबरोबर पुण्याला आली आणि इथेच हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. एप्रिल २०१८मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती एकेरीत पहिल्यांदा पहिल्या दोनशेत आली. भारताच्या इतिहासात तिथवर पोचलेली ती अवघी पाचवी स्त्री. त्याच वर्षी तिने आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. २ मार्च २०२० रोजी ती १६०व्या क्रमांकावर पोचली, हा तिचा एकेरीतला सर्वोच्च क्रमांक. त्याच आठवड्यात दुबईत तिच्या खेळाच्या जोरावर भारतीय महिला संघ फेड कप स्पर्धेच्या प्ले-ऑफ फेरीत पहिल्यांदाच पोचला. आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात कोरोनामुळे जगभरच्या स्पर्धा थांबल्या, त्या ऑगस्टपर्यंत. घरकाम करणाऱ्या बायकांचं टाळेबंदीत जे झालं, तेच तिचं झालं. काम थांबलं की कमाई थांबली. पुढे २०२१ साली तिने रशियाच्या कामिला राखिमोवाबरोबर ऑस्ट्रेलियात डब्ल्यूटीएच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, टोकियो ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर खेळली. अर्जुन पुरस्कारही मिळाला. गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेची तिला मदत झाली.

या कारकिर्दीला आपण काय म्हणू? वर्तमानपत्रांच्या भाषेत ती 'ग्रँड स्लॅमच्या मुख्य एकेरीपर्यंत न पोचलेली खेळाडू'. मला हे वर्णन अन्यायाचं वाटतं. आपल्या कामात जगातली एकशे साठावी असलेली डॉक्टर, वकील किंवा गवंडी कधी अपयशी ठरली असती का? बरं, क्रमांक कमी म्हणजे कर्तबगारी कमी असंही नाही. निरुपमा वैद्यनाथनने १९९८ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनीला हरवलं, तेव्हा ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. तिचा सर्वोच्च क्रमांक होता १३४. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. ऋतुजा भोसलेने ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा एकेरीत ती पहिल्या दोनशेतही नव्हती. या सगळ्या जणी त्या 'खालच्या' पायऱ्यांवरच वाढल्या. त्या पायऱ्या मोडल्या तर वर कुणीच जाणार नाही.

पैसा कुठून येतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. बक्षिसातून खर्च भागत नसेल तर तो कुणीतरी भागवतोच. आपल्याकडे तो भागवतं घर. वडिलांची नोकरी, आईचे दागिने, फ्लॅटवरचं कर्ज, 'तुझ्या लग्नासाठी ठेवलेले' पैसे. आई बदली घेते किंवा नोकरी सोडते, डबे करते, पहाटे पाचला मैदानावर सोडते, मुलीबरोबर प्रवास करते. त्या बिनपगारी श्रमाची नोंद कुठल्याही पाहणीत नाही. आणि ज्या घराकडे यातलं काहीच नाही, त्या घरातल्या मुलीच्या हाती रॅकेट येतच नाही. ती हरत नाही, कारण ती यादीतच नसते.

आईवडील प्रेमानेच करतात, हे मला माहीत आहे. पण समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली गेली आणि वस्तीतल्या कामात ती रोज पटते. मदत आणि ताबा यांची दोरी एकच असते. जिच्या हाती स्वतःचा पैसा नाही, तिच्या आयुष्याचे निर्णय पैसा देणारा घेतो. नवऱ्याच्या घरात हे आपण ओळखतो. खेळाच्या मैदानात ओळखत नाही.

१० जुलै २०२५ रोजी गुरुग्राममध्ये राधिका यादव या २५ वर्षांच्या टेनिस खेळाडूचा राहत्या घरी गोळ्या घालून खून झाला. आयटीएफच्या स्पर्धा खेळलेली ही मुलगी, खांद्याच्या दुखापतीनंतर टेनिस शिकवू लागली होती. पोलिसांनी तिच्या वडिलांना अटक केली. 'मुलीच्या कमाईवर जगतो' असे टोमणे लोक मारत, त्याचा राग मनात होता, असं वडिलांनी सांगितल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण तो टोमणा आपल्या ओळखीचा आहे. मुलीवर खर्च केला तर 'परक्याच्या झाडाला पाणी', आणि मुलगी कमावू लागली तर 'मुलीचं खातो'. वरच्या क्रमांकाची खेळाडू या दोन्ही टोमण्यांच्या पलीकडे जाऊ शकते, कारण तिच्यामागे पैसा आणि प्रसिद्धी असते. खालच्या क्रमांकाची या दोन टोमण्यांच्या मध्येच जगते.

घरानंतर दुसरा ताबा संघटनेचा. कुठल्या मुलीला शिबिरात घ्यायचं, कुणाला संघात, कुणाला मुख्य फेरीत थेट प्रवेश द्यायचा, हे ठरवणाऱ्यांच्या हाती मुलीचं सगळं भविष्य असतं. रुचिका गिरहोत्राला आपण विसरलेलो नाही. १२ ऑगस्ट १९९० रोजी पंचकुल्यात १४ वर्षांच्या या टेनिस खेळाडूचा विनयभंग झाला. करणारा माणूस हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक. तक्रार केल्यावर तिच्या कुटुंबालाच छळाला तोंड द्यावं लागलं. डिसेंबर १९९३मध्ये रुचिकाने आत्महत्या केली. गुन्हा सिद्ध व्हायला डिसेंबर २००९ उजाडलं आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. पुढे ती दीड वर्ष झाली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. ज्या मुलीला 'इथे नाही तर दुसरीकडे खेळेन' असं म्हणता येत नाही, तिचं तोंड बंद करणं फार सोपं असतं.

तिसरी गोष्ट जुगाराची. छोट्या स्पर्धांना प्रेक्षक नसतात, पण त्यांचा क्षणाक्षणाचा गुणफलक पैज लावणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोचतो. टेनिसमधील गैरप्रकारांवरच्या स्वतंत्र समितीने २०१८ साली म्हटलं होतं की सर्वांत खालच्या स्तरावर ही माहिती विकणं थांबवा. पैज हरलेला माणूस मग खेळाडूच्या फोनवर शिव्या आणि धमक्या पाठवतो. डब्ल्यूटीए आणि आयटीएफच्या २०२४ सालच्या पाहणीत ४५८ खेळाडूंना उद्देशून असे सुमारे ८,००० मजकूर सापडले. त्यातले ४० टक्के चिडलेल्या जुगाऱ्यांचे होते. म्हणजे तिच्या हरण्यातून दुसरा कुणी पैसे कमावतो आणि हरल्याबद्दल शिव्या मात्र तिला.

बदल होतच नाही असं नाही. डब्ल्यूटीएने मार्च २०२५मध्ये बाळंतपणासाठी बारा महिन्यांपर्यंत पगारी रजेची योजना जाहीर केली. स्वतंत्र व्यावसायिक स्त्रियांना अशी रजा मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण ती मिळण्यासाठी ठरावीक संख्येने डब्ल्यूटीएच्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात. खालच्या पायरीवरच्या बहुतेक जणी तिथवर पोचतच नाहीत. शिवाय हा पैसा येतो सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीतून, आणि त्याच देशात गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना २०१८ साली तुरुंगात टाकलं होतं. घ्यावा की नाही, यावर आपल्यात दुमत होईल आणि व्हायलाही हवं. मला एवढंच वाटतं की दुसरा कुणीच पैसा देत नसताना 'नको' म्हणण्याचं ओझं खेळाडूंवर टाकू नये.

इथे काही मैत्रिणी विचारतील, आणि त्यांनी विचारावंच, की टेनिस हा क्लबातल्या लोकांचा खेळ. आपल्यासमोर हुंडाबळी आहेत, ऊसतोडीच्या बायका आहेत. त्यात हे कशाला? माझं उत्तर असं. हा खेळ क्लबातल्यांचा राहिला आहे तो याच हिशेबामुळे. हरलेल्या सामन्याची मजुरी मिळत नाही तोवर हरणं परवडणारीच मुलगी खेळू शकते. आणि सुरुवातीला तर सगळ्याच हरतात. जिथे हरणं परवडण्याची सोय कायद्याने केली, तिथे चित्र बदललं. अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींमध्ये भेद करायला त्याने मनाई केली. खेळ त्यात आले आणि मुलींसाठी क्रीडा शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम या तिथल्याच विद्यापीठाच्या संघातून खेळली आहे. तिकडच्या स्त्रियांनी भांडून मिळवलेल्या कायद्याचं फळ असं हांगझोऊमार्गे महाराष्ट्रात आलं.

मग आपण काय मागायचं?

पहिली मागणी सरकारकडे. पदक मिळाल्यावर रोख रक्कम आणि सत्कार होतात, ते जरूर व्हावेत. पण पदकाच्या आधीची दहा वर्षं मुलगी कशावर जगते? सोळा-सतराव्या वर्षापासून तिच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात, दरमहा ठरलेली रक्कम मिळावी. दुखापतीच्या काळातही ती चालू राहावी. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन हे काम वर्षानुवर्षं थोडंफार केलं. त्या जागा मुलींसाठी वाढायला हव्यात.

दुसरी मागणी स्पर्धा भरवणाऱ्यांकडे. पुणे, सोलापूर, नवी मुंबई इथे आयटीएफच्या महिला स्पर्धा झाल्या आहेत. मुख्य फेरीतल्या प्रत्येक खेळाडूची राहण्या-जेवणाची सोय ही मेहरबानी न राहता नियम व्हावा. पुरुषांच्या संघटनेने, एटीपीने, २०२४पासून पहिल्या २५० खेळाडूंना वर्षाच्या किमान कमाईची हमी देण्याची योजना सुरू केली. म्हणजे खेळाडूच्या कमाईला तळ असू शकतो, हे तत्त्व मान्य झालं आहे. तो तळ स्त्रियांनाही हवा, आणि २५०च्या बराच खालपर्यंत हवा.

तिसरी गोष्ट मागायची नाही, करायची आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धांच्या जागा स्पष्टपणे 'कामाचं ठिकाण' म्हटलेल्या आहेत. अंतर्गत समितीत स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेची एक सदस्य असावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या टेनिस संघटनेत, अकादमीत, क्रीडा संकुलात अशी समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावली आहेत का? बाहेरची सदस्य कोण आहे? एखाद्या दुपारी दोघी-तिघींनी जाऊन विचारण्याएवढं हे काम आहे. प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यापुरतं ते केलं, तरी मैदानावरच्या मुलींना कळेल की घर आणि संघटना यांच्याखेरीज आणखी कुणीतरी आपल्या बाजूने उभं आहे.

बिली जीन किंगच्या पिढीने विचारलं की जिंकलेल्या बाईला जिंकलेल्या पुरुषाएवढं का नाही? त्याचं उत्तर मिळालं. आता दुसऱ्या फेरीत हरून, पिशवी उचलून, रात्रीच्या गाडीने पुढच्या गावी खेळायला निघालेल्या बाईचा प्रश्न घेऊया. ती काम करून निघाली आहे. तिची मजुरी कुणी द्यायची?